घड्याळाशी शर्यत, वाऱ्याशी हिशेब

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. अशा चक्क्या उभारण्याआधी त्या जागेचा वारा फार काटेकोरपणे मोजावा लागतो. वारा दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, वेगाच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे वेगाच्या अंदाजातली थोडीशी चूकही पुढे फार महागात पडते.

सायकलवर हाच नियम उलटा बसतो. पवनचक्की वाऱ्याकडून घेते, सायकलवाला वाऱ्याला देतो. दर दोन्हीकडे घनाचाच. रेसिंग सायकलवर हँडलची वरची पकड धरून बसलेला मध्यम बांध्याचा माणूस शांत हवेत ताशी 18 किलोमीटरने निघाला, तर हवा बाजूला सारायला त्याला साधारण 29 वॅट लागतात. ताशी 36 ला तेच काम 230 वॅटचं होतं. टाइम ट्रायल करणाऱ्याने हे गणित आधी समजून घ्यावं, सायकलची किंमत नंतर विचारावी.

टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने, घड्याळाविरुद्ध. ठरावीक अंतर, प्रत्येकजण ठरावीक वेळेच्या फरकाने सुटणार आणि कुणाच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही. खान्देशात तर हा खेळ रुजायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. तापीच्या खोऱ्यात सपाट, सरळ रस्ते आहेत, आणि सुरुवातीला लागते ती एक धडधाकट सायकल, हेल्मेट आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

"पण भाऊ, सायकल कितीची घेऊ?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझं उत्तर असतं, सध्या आहे तीच चालव. हवेच्या एकूण अडथळ्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा माणसाच्या शरीराचा असतो. फ्रेम, चाकं, हँडल हे सगळं उरलेल्या चतुर्थांशात येतं. म्हणजे सर्वात मोठी सुधारणा दुकानात मिळतच नाही. ती कोपरात, खांद्यात आणि मानेत आहे.

हे ज्याने जगाला दाखवलं तो स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रॅम ओब्री. हाताशी पैसा फारसा नव्हता, म्हणून सायकल त्याने स्वतःच बनवली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या मशीनची बेअरिंग बसवली. हात दुमडून छातीखाली घ्यायचे, कोपरं अंगाला चिकटवायची, ही बसण्याची ढब त्याचीच. 17 जुलै 1993 रोजी नॉर्वेतल्या हामार इथे त्याने एका तासात 51.596 किलोमीटर कापले आणि इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरचा 1984 पासूनचा 51.151 चा विक्रम मोडला. सहाच दिवसांत इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो 52.270 वर नेला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने ओब्रीची ढब नियमाने बंद केली. ती कुणी वापरावी म्हणून हे सांगत नाही. शरीर किती जागा अडवतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

तुम्हाला हे फुकटात तपासता येतं. गाव सोडून, रहदारी नसलेला एखादा लांब, सौम्य उतार शोधा, ज्याच्या पुढे सपाट रस्ता आहे. पहाटे, पानही हलत नसताना जा. ठरलेल्या खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडायची आणि ती जिथे थांबेल तिथे चुन्याची रेघ ओढायची. ताठ बसून तीनदा, मग कोपरं वाकवून, पाठ आडवी करून, हनुवटी खाली घेऊन तीनदा. टायरमधली हवा तीच, कपडे तेच. दुसऱ्या रेघा पहिल्यांच्या पुढे पडतात. तेवढं अंतर तुम्ही एक रुपया न खर्चता मिळवलेलं असतं. मग सैल सदरा आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट यांची अशीच तुलना करा. फडफडणारं कापड वाऱ्याला किती देतं ते चुना सांगेल.

मात्र जी ढब अर्धा तास टिकत नाही ती कामाची नाही. वाकल्यावर पोट मांड्यांना लागलं, श्वास आखूड झाला की पायातली ताकद जाते. आठवड्याला थोडंथोडं खाली जावं. कमरेला कळ आली तर परत वर यावं.

पैसे घालायचेच असतील तर आधी टायरमध्ये घाला. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो असतील, तर ताशी 36 ला जाड, राठ टायर सुमारे 47 वॅट खातो आणि चांगला लवचीक टायर 31 च्या आसपास. याउलट दोन किलो हलक्या सायकलसाठी लोक भलतीच रक्कम मोजतात, आणि सपाटीवर तिचा फायदा जेमतेम एका वॅटचा. हवाही दगडासारखी टणक भरू नका. आपल्या खडबडीत डांबरावर टणक टायर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत थोडी ताकद वाया जाते. बाकी कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातून चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, छर्रे धुऊन नवं ग्रीस भरून घ्या. काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की चेनवर पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून चेन दर आठवड्याला पुसून मगच तेल द्यावं.

कोपरं टेकवायचे दांडे, म्हणजे एअरोबार, नंतर घ्या. टूर द फ्रान्स म्हणजे अनेक दिवस चालणारी, रोजचे वेळ जोडत जाणारी शर्यत. 1989 साली तिच्यात अमेरिकेचा ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी 50 सेकंदांनी मागे होता. 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने असेच दांडे लावले आणि अख्खी शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. पण ते धरले की बोटं ब्रेकपासून लांब जातात. गुरं, ट्रॅक्टर, अचानक आडवी येणारी मोटरसायकल, हे सगळं असलेल्या रस्त्यावर त्यांना हात लावू नये.

आता आपला वारा. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-फैजपूर-सावदा पट्ट्यात केळीच्या बागांभोवती शेवरीची दाट कड असते, वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून. त्या कडेजवळून जाताना सायकल आपोआप हलकी होते. बाग संपते, कापसाचं मोकळं रान लागतं आणि छातीवर कुणी तळवा टेकवावा तसा वारा बसतो. हँडल किंचित बाजूला ओढलं जातं. गिअर त्याच क्षणी एक खाली घ्यावा लागतो, दहा पायडलनंतर नव्हे.

"जाताना समोरचा वारा लागला तर येताना पाठीवर मिळेल, हिशेब बरोबर" ही समजूत चुकीची आहे. 10 किलोमीटर जायचं, 10 यायचं. वारा नसताना ताशी 30 ने 40 मिनिटं लागतात. वाऱ्याने जाताना 24 आणि येताना 36 चा वेग मिळाला, तर 25 मिनिटं अधिक 16 मिनिटं 40 सेकंद, म्हणजे एकूण 41:40. तोट्याच्या बाजूला आपण जास्त वेळ घालवतो. म्हणून समोरच्या वाऱ्यात थोडा जास्त जोर लावायचा आणि पाठीवर वारा आला की थोडा दम घ्यायचा. पहिली दोन मिनिटं मात्र मुद्दाम राखून. सुरुवातीच्या उत्साहात उधळलेली ताकद शेवटच्या पाच किलोमीटरला व्याजासकट वसूल होते.

उन्हाची गोष्ट आणखी गमतीची आहे. तापलेली हवा विरळ असते. जळगावच्या उंचीवर 42 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के हलकी भरते. कागदावर 20 किलोमीटरला पाऊण मिनिट वाचायला हवं. पण पायडलवर 200 वॅट देणारं शरीर त्याच वेळी 700 वॅटच्या आसपास उष्णता तयार करतं. बाहेरची हवा कातडीपेक्षा गरम असेल तर ती उष्णता फक्त घाम वाळूनच जाऊ शकते, आणि त्यासाठी तासाला लिटरभराहून जास्त घाम वाळावा लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी वाचलेलं पाऊण मिनिट शरीर केव्हाच गमावून बसतं, आणि उष्माघाताचा धोका वेगळाच. कार्तिक ते माघ, सूर्य उगवल्यावर लगेच, हाच आपला खरा हंगाम. अर्ध्या तासाच्या शर्यतीत वाटेत काही खायची गरज नसते. तासभर आधी एक केळं पुरतं, आणि ते आपल्याकडे कुठेही मिळतं.

एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, तापमान, वारा कुठून, टायरमध्ये हवा किती, कपडे कोणते, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचा वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ लिहिलाय, वाऱ्याचा रकाना कोरा आहे. त्यामुळे ती राइड चांगली होती की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.