वीजनिर्मितीतील ऊर्जारूपांतर

कोळसा, पाणी, वारा, ऊन अशा स्रोतांतील ऊर्जा विजेच्या रूपात आणण्याची प्रक्रिया. कोळसा खाणीतून काढता येतो, पाणी धरणात अडवता येते. घरोघरी पुरवता येईल अशी वीज मात्र निसर्गात कुठेच साठलेली सापडत नाही. आकाशातली वीज असते खरी, पण ती लहरी आणि क्षणभंगुर. ऊर्जा शून्यातून निर्माणही होत नाही. त्यामुळे दुसऱ्या रूपातली ऊर्जा खर्ची घालूनच वीज मिळवावी लागते.

कोयना प्रकल्पात हे टप्पे स्पष्ट दिसतात. सह्याद्रीच्या माथ्यावर शिवाजीसागरात अडवलेल्या पाण्यात उंचीमुळे स्थितिज ऊर्जा असते. बोगदे आणि नळांतून ते सुमारे ४७५ मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येते. तिथे त्याचा वेगवान झोत टर्बाइनच्या वाट्यांवर आदळतो आणि चाक फिरते. इतक्या उंचीवरच्या एक घनमीटर पाण्यात जेमतेम १.३ युनिट वीज देण्याइतकी ऊर्जा असते, तीही काहीच वाया गेले नाही असे धरून. एवढे मोठे धरण का लागते, ते या आकड्यावरून कळते. पोफळीचे अवजल, म्हणजे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेले पाणी, पुढे कोळकेवाडीत अडवून त्यावर पुन्हा वीज काढतात.

टर्बाइनला जोडलेल्या, वीज तयार करणाऱ्या जनित्रामागचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो. पण वीज फुकट मिळत नाही. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागताच तो चुंबकाच्या फिरण्याला विरोध करतो. गावोगावी पंप सुरू झाले की जनित्र फिरवणे जड जाते आणि टर्बाइनवर जास्त पाणी सोडावे लागते.

औष्णिक केंद्रात कोळशातील रासायनिक ऊर्जेची आधी उष्णता होते, मग वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरते. सगळ्यात मोठी गळती इथेच. उष्णतेचे पूर्णपणे गतीत रूपांतर होऊच शकत नाही, त्यामुळे कोळशातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो. जलविद्युत केंद्रात हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर जाते. सौरपट्टीत काहीच फिरत नाही. प्रकाश सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन थेट मोकळे करतो.

अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प उलट दिशेनेही चालतो. मागणी कमी असताना वीज खर्चून खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचे. परत मिळणारी वीज खर्चलेल्या विजेपेक्षा कमीच भरते, तरीही ऐन गर्दीच्या वेळी ती हाताशी असल्याने हा व्यवहार परवडतो.