वयपडताळणी कायदे व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

संगणकीय सेवा देण्यापूर्वी वापरकर्त्याचे वय विचारणे, तपासणे अथवा वयोगटाचा संकेत पुढे पाठवणे बंधनकारक करणारे कायदे आणि त्यांचा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवरील (ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते अशा सॉफ्टवेअरवरील) परिणाम. या कायद्यांचा आरंभ कोठून धरावा याबाबत मतभेद आहेत. काहीजण तो अमेरिकेच्या १९९८ च्या बाल-गोपनीयता कायद्यापासून धरतात. मात्र त्यात १३ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती लागे, सरसकट वयतपासणी नव्हती. ब्रिटनच्या २०१७ च्या कायद्यात अश्लील संकेतस्थळांपुरती ती होती, परंतु अंमल होण्यापूर्वीच २०१९ मध्ये तो बेत सोडण्यात आला. प्रत्यक्ष अंमल पाहता अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा अश्लील संकेतस्थळांविषयीचा कायदा (१ जानेवारी २०२३) आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ब्रिटन (जुलै २०२५) आणि ऑस्ट्रेलिया (डिसेंबर २०२५, समाजमाध्यमांसाठी १६ वर्षे) नंतरचे.

हे कायदे संकेतस्थळे व समाजमाध्यमांपुरते होते. कॅलिफोर्नियाच्या एबी १०४३ या कायद्याने (मंजुरी ऑक्टोबर २०२५, अंमल १ जानेवारी २०२७) जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे संगणक वा फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, आणली. खाते उघडताना वय विचारावे आणि १३ खालील, १३ ते १५, १६-१७ व १८ वरील यांपैकी वयोगट ॲपला कळवावा, अशी त्यात तरतूद आहे. ओळखपत्र मागितलेले नाही, सांगितलेले वय चालते. त्यामुळे याला पडताळणी म्हणणे काटेकोर नव्हे. निष्काळजीपणास प्रत्येक बाधित मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत, हेतुपुरस्सर भंगास ७,५०० डॉलरपर्यंत दंड आहे.

‘ऑपरेटिंग सिस्टिम पुरवणारा’ म्हणजे ती विकसित करणारा, तिचा परवाना देणारा किंवा तिच्यावर नियंत्रण असणारा, अशी या कायद्यात व्याख्या आहे. लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या ‘वितरणां’च्या (तयार संचांच्या) रूपाने मिळते. डेबियनसारख्या वितरणात कर्नल (प्रणालीचा गाभा) एकांचे, डेस्कटॉप दुसऱ्यांचे, जुळवणी जगभरच्या स्वयंसेवकांची. खात्यांची मध्यवर्ती नोंद कोठेच नसते. डेबियनवर ‘ॲडयूजर’ या आज्ञेने खाते उघडताना पूर्ण नाव, खोली क्रमांक, कामाचा व घरचा दूरध्वनी आणि ‘इतर’ एवढेच विचारले जात आले आहे. ही ‘जीकॉस’ रकाना नावाची युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनची परंपरा असून तीत जन्मतारखेला जागा नाही. जागा केली, तरी ‘रूट’ अधिकार (संगणकावरील सर्वोच्च अधिकार) असणारा तेथील तारीख बदलू शकतो आणि परवान्यानुसार कोणीही तो भाग काढून नवी आवृत्ती वाटू शकतो. उलट ‘१६ खालील व्यक्तींनी वापरू नये’ अशी अट परवान्यातच घातली, तर मुक्तस्रोत परवाना कशाला म्हणावे हे ठरवणाऱ्या ‘मुक्तस्रोत व्याख्ये’च्या, व्यक्तिभेद निषिद्ध मानणाऱ्या पाचव्या कलमाशी ती विसंगत ठरते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ‘पुरवणारा’ या व्याख्येचा शब्दशः अर्थ घेतल्यास एकटा स्वयंसेवकही दंडास पात्र ठरू शकतो. हा या कायद्याचा गंभीर दोष होय. मॅस्टोडॉन या मुक्तस्रोत समाजमाध्यमाच्या प्रकल्पाने २०२५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या वयपडताळणी कायद्यासंदर्भात, वयतपासणीची साधने आपल्याकडे नसल्याचे सांगितले.

भारतात २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. जबाबदारी माहिती हाताळणाऱ्यावर आहे, ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यावर नाही. मुक्तस्रोताच्या दृष्टीने ही रचना अधिक न्याय्य आहे. स्थानिक उदाहरण घेतल्यास, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. मिरज व कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनांत दहावीनंतर येणारी मुले साधारण १५-१६ वर्षांची असतात. प्रयोगशाळेतील एकच संगणक सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, बहुधा एकाच सामाईक खात्यावर वापरते. तेथे खात्याला एक वय जोडण्याची कल्पनाच लागू पडत नाही. डेबियन उतरवून बसवण्यास नोंदणी लागत नाही, म्हणून तेवढ्यापुरता कलम ९ चा प्रश्न येत नाही. नावे व ईमेल घेणारा सर्व्हर विद्यार्थ्यांनी स्वतः चालवला, तर येतो. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सवलत या कायद्याखालील नियमांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयक तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे.