नवकल्पक व्यवस्थापन : कोकण किनारपट्टी

हाताशी असलेली साधने, माणसे आणि माल यांची नव्याने जुळणी करून धंदा वाढवण्याच्या रीतीला नवकल्पक व्यवस्थापन म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी १९११ मध्ये अशा जुळणीचे पाच प्रकार सांगितले : नवा माल, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि धंद्याची नवी बांधणी. नवकल्पना म्हणजे नवे यंत्र, हा समज कोकणाने खोटा ठरवला आहे.

कोकण रेल्वेची रो-रो सेवा, म्हणजे भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवून नेण्याची सोय, पाहावी. १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला, तरी पुष्कळसा माल महामार्गावरून ट्रकनेच जाई. महामंडळाने ट्रकवाल्यालाच गिऱ्हाईक केले. १९९९ पासून भरलेले ट्रक कोलाडला सपाट वाघिणींवर (मालगाडीच्या उघड्या डब्यांवर) चढवून गोव्यात वेर्णापर्यंत नेले जाऊ लागले. चालक आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून बसतो. घाटातली वळणे, डिझेल, टायरची झीज वाचते आणि रेल्वेला भाडे मिळते. वाघीण जुनी, ट्रकही जुनाच.

हापूसची अडचण वेगळी. सगळा पैसा मार्च ते मे एवढ्यातच उभा करायचा. बागायतदार पेट्या भरून वाशीला दलालाकडे पाठवतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत भाव काय लागला ते त्याला कळत नाही. त्यात परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून खपतो. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले, पण पेटीवरचे नाव कोणीही छापू शकतो. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग मागच्या बाजूचा क्रमांक कळवायचा. तो स्टिकर काढल्याशिवाय दिसत नाही. यातली खरी हुशारी वाटपात आहे. बागेतली कलमे आणि उत्पन्न पाहूनच स्टिकर दिले जातात, त्यामुळे बाहेरचा आंबा त्यात मिसळायला जागा उरत नाही.

कोकमाच्या बाबतीत घरच्या बायकांनी अशी नवी जुळणी केव्हाच साधली होती. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीचे आमसूल, रसाचे आगळ, बियांच्या तेलाचे मुठेल. वाया काही जात नाही. टाचेच्या भेगांना लावायचे ते मुठेल आज कोकम बटर या नावाने सौंदर्यप्रसाधनांत जाते. शुम्पेटर ज्याला नवी बाजारपेठ म्हणतात, ती हीच.

काजूत मात्र मोठी उणीव आहे. बी काढून घेतली की बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडांची फेणी होते. बोंड तोडल्यावर दिवसभरही नीट टिकत नाही, त्यामुळे रस काढण्याची सोय बागेच्या जवळच, गावागावांत असावी लागते.