नाकावरचे ते ठिपके बहुधा ब्लॅकहेड नाहीतच

ब्लॅकहेड तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात उरकतो. छिद्रात तेल आणि मृत पेशी साचून बूच बसतं, छिद्राचं तोंड उघडं राहतं आणि वरचा भाग हवा लागून काळा पडतो. तोंड बंद राहिलं तर तोच व्हाइटहेड. हा काळेपणा मळाचा नसतो, म्हणून कितीही घासलं तरी जात नाही.

खरा घोळ पुढे आहे. आरशाला नाक टेकवल्यावर दिसणारे बारीक, करडे ठिपके लोक सर्रास ब्लॅकहेड म्हणून पिळतात, चिकटपट्ट्या लावून उपटतात आणि काही दिवसांनी ‘परत आले’ म्हणून हताश होतात. ते परत येणारच. त्यांना सेबेशियस फिलामेंट म्हणतात आणि तो त्वचेचा दोष नाही. तेलग्रंथीतलं तेल या छिद्रांतून वर येऊन त्वचेवर पसरतं. त्या वाटेत तेल, मृत पेशी आणि जिवाणू मिळून एक बारीक धागा तयार होतो, तोच हा. तो सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो, तेलकट त्वचेवर जास्त उठून दिसतो. छिद्र रिकामं केलंत तरी साधारण ३० दिवसांत, अनेकदा त्याआधीच, पुन्हा भरतं.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, सगळे तिथेच फसतात. आधी मांडणी बघा. फिलामेंट चाळणीच्या भोकांसारखे ओळीने, जवळजवळ सारख्या अंतरावर असतात: नाकावर, नाकाच्या कडेला, हनुवटीवर. बोट फिरवलं तर काही लागत नाही. ब्लॅकहेड एकटादुकटा, कुठेही असतो. कपाळावर, पाठीवर, अगदी कानाच्या पाळीतही. तो आजूबाजूच्या ठिपक्यांपेक्षा ठळक, गडद आणि बऱ्याचदा बोटाला किंचित उंच लागतो. पिळून बघू नका, पण ज्यांनी पिळलं आहे त्यांना आठवेल: फिलामेंटमधून मऊ, पिवळट-पांढरा धागा येतो, तर ब्लॅकहेडमधून गडद टोकाची घट्ट गुठळी. नाकावर पन्नास ठिपके एकसारखे दिसत असतील तर ते पन्नास ब्लॅकहेड नव्हेत, हे मी छातीठोकपणे सांगतो.

हा फरक कळला की उपाय आपोआप बदलतो. ब्लॅकहेडचं बूच विरघळवून काढायचं असतं. त्यासाठी घरी वापरायला माझी पहिली पसंती सॅलिसिलिक ॲसिडला, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्राच्या आत पोचतं. २ टक्क्यांपर्यंतचं पुरतं. धुऊन टाकायच्या फेसवॉशपेक्षा लावून ठेवायचं निवडा, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री, वर साधं मॉइश्चरायझर. निकाल आठ ते बारा आठवड्यांनी बघा; चौथ्या दिवशी उत्पादन बदलणाऱ्यांना कशाचाच गुण येत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर ॲडापलीन या त्वचेवर लावायच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ते नको, आणि ते वापरत असाल तर दिवसा सनस्क्रीन हवंच.

फिलामेंटलाही हेच ॲसिड चालतं, पण हेतू वेगळा. ते फिके होतात, नाहीसे होत नाहीत. ‘कायमचे घालवा’ असं सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीचा मला मनापासून राग आहे. पट्टीवर जे काटे उभे राहिलेले दिसतात, त्यातले बहुतेक फिलामेंटच असतात. लोक तो पुरावा समजतात आणि पुढच्या महिन्यात दुसरं पाकीट घेतात.

लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबाचा रस त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतो, शिवाय तो लावून उन्हात गेल्यास फोड येऊन डाग पडू शकतात. सोडा उलट्या टोकाचा, त्वचेचं नैसर्गिक आम्लपण बिघडवणारा. वाफेनं छिद्रं उघडतात हेही चूक: छिद्राला दारासारखं उघडमीट करायला स्नायूच नसतो. वाफेनं वरचा थर मऊ होतो, इतकंच, आणि ते काम कोमट पाण्यानं तोंड धुतल्यानंही होतं.

एखादा ब्लॅकहेड तीन महिन्यांत हललाच नाही, किंवा जुना होऊन भोक रुंदावलं असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून काढून घ्या. नखं लावू नका. तिथे राहणारा व्रण ब्लॅकहेडपेक्षा जास्त काळ टिकतो.