बॅटरी बदलण्याआधी काळी वायर बघा

पावसाळा सरत आला की मुंबईतल्या जुन्या गाड्यांचं एक दुखणं हमखास डोकं वर काढतं. आतला दिवा लागतो, हॉर्न वाजतो, पण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की नुसतंच ‘टकटकटक’. बॅटरी गेली असं ठरतं आणि काही हजारांची नवी बॅटरी बसते. ती बसवताना टर्मिनलं थोडीफार घासली जातात, नव्या बॅटरीत जोरही असतो, म्हणून गाडी सुरू होते. पुढे काही आठवड्यांत टकटक पुन्हा हजर. अशा वेळी बॅटरीला बोल लावण्याआधी तिच्या काळ्या वायरीचा मागोवा घ्यावा, असं मी कळकळीने सांगेन.

गाडीतल्या विजेला परतीची वेगळी वायर सहसा नसते. बॅटरीचं ऋण टोक काळ्या वायरीने बॉडीला जोडलेलं असतं आणि सगळा पत्राच परतीची वाट होतो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी किंवा बॅटरी यांच्यामध्ये जाड वायर किंवा तांब्याची विणलेली पट्टी असते. पद्मिनी असो की मारुती 800, इंजिनवर बसलेल्या सेल्फचा सगळा प्रवाह तिच्यातूनच परततो. ती खाली, चिखल उडतो तिथे असते आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

मुंबईची हवा नेमकी तिच्याच मुळावर उठते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं हे आपण स्वयंपाकघरात बघतोच. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं. समुद्रावरून येणाऱ्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला 33 टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे माहीम-वरळीकडे उभ्या गाडीच्या पत्र्यावर क्षारांचा पातळ ओला थर वर्षातला बराच काळ असतो, पाऊस असो वा नसो. तांब्याची पट्टी, लोखंडी पत्रा आणि मध्ये खारं पाणी अशी जोडी जमली की तिथे एक चिमुकला विद्युतघट तयार होतो. त्यात लोखंड झिजतं. बोल्ट वरून घट्ट दिसतो, खाली गंज साठत जातो आणि गंजातून वीज नीट वाहत नाही.

मग आतला दिवा कसा लागतो? समजा, या सांध्याचा रोध फक्त 0.02 ओहम आहे. 5 वॉटचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो, त्यामुळे सांध्यावर 0.01 व्होल्टही खर्च होत नाही. लहान गाडीचा सेल्फ 100 अँपिअर मागतो असं धरलं, तर त्याच सांध्यावर 2 व्होल्ट खर्ची पडतात आणि 200 वॉट उष्णता निघते. भाराखाली बॅटरी आधीच 12.6 वरून 11 च्या खाली आलेली असते, त्यातून आणखी 2 गेले. सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटरने प्रवाह मागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. टकटक होते ती यामुळे. जुन्या इमारतीत गंजून अरुंद झालेल्या पाइपचा नळ बंद असेपर्यंत दाब पूर्ण असतो, उघडला की धार करंगळीएवढी. भार नसताना मीटर लावणं म्हणजे बंद नळावर दाब मोजणं.

म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढलेली. मीटर डीसी 20 व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या ऋण खुंटावर टेकवायची, वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगायचं. आकडा 0.2-0.3 व्होल्टच्या आत असला तर वाट साफ. 0.5 च्या वर गेला तर एकेक टप्पा वेगळा मोजायचा: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. चोर कुठे बसलाय ते आकडाच सांगतो.

या पट्टीचं एक लक्षण तर मुद्दाम सांगण्यासारखं आहे. आमच्या शेजारच्या काकांच्या पद्मिनीत सेल्फ मारला की गाडीच्या आतून कार्बोरेटरपर्यंत जाणारी चोकची तार चटका बसेल इतकी तापायची. त्यांना कार्बोरेटरची शंका होती. प्रत्यक्षात इंजिनची पट्टी एका टोकाला पार हिरवी पडून तुटली होती, आणि सेल्फचा प्रवाह मिळेल त्या धातूतून, म्हणजे त्या बारीक तारेतून, परतत होता. हेडलाइटचं अर्थिंग बॉडीला असतं, त्यामुळे सेल्फ मारताना दिवे फारसे मंद होत नव्हते. सेल्फ मरगळलेला आणि दिवे मात्र लख्ख, असं दिसलं की आधी इंजिनच्या पट्टीकडे वळावं.

काम करताना अंगठी-घड्याळ काढून ठेवा. काळी वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. म्हणजे लाल बाजूचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. खुंटावरची पांढरी-हिरवट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फसफसून निघते. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा. बोल्ट घट्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन लावा. पकड धातूची धातूशीच हवी, व्हॅसलीन फक्त ओल अडवायला.

मग लाल बाजूही तशीच मोजायची, धन खुंटापासून सेल्फवर जाड वायर येते त्या बोल्टपर्यंत. दोन्ही बाजू साफ निघाल्या, सेल्फ फिरताना बॅटरी 10 व्होल्टच्या वर टिकली, आणि तरीही सेल्फ रेंगाळत असेल, तर दोष त्याच्या पोटात आहे: झिजलेले ब्रश, घासलेले बुश किंवा सोलेनॉइडचे जळके संपर्क. तेव्हा सेल्फ उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टेबलावर ठेवावा.