सर्बियनमधलं ‘ओवो ये’ आणि ‘ओवाय, ओवा, ओवो’: दोन वेगळी ‘हे’

सर्बियनच्या पहिल्या धड्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘श्ता ये ओवो?’, म्हणजे ‘हे काय आहे?’ उत्तरं अशी: ‘ओवो ये प्रोझोर’ (ही खिडकी आहे), ‘ओवो ये स्तोलित्सा’ (ही खुर्ची आहे), ‘ओवो ये ओग्लेदालो’ (हा आरसा आहे). पुढच्या धड्यात मात्र ‘ओवाय प्रोझोर’, ‘ओवा स्तोलित्सा’, ‘ओवो ओग्लेदालो’ असं दिसतं आणि गोंधळ सुरू होतो. ‘हे’ नेमकं कधी बदलायचं आणि कधी नाही?

मराठी माणूस इथे एका ठरावीक ठिकाणी चुकतो, आणि त्याचं कारण मराठीतच आहे. आपण प्रश्न ‘हे काय आहे?’ असा नपुंसकलिंगी विचारतो, पण उत्तर देताना लगेच लिंगावर येतो: हा पंखा आहे, ही खुर्ची आहे, हे कुलूप आहे. सर्बियन माणूस उत्तरातही प्रश्नातलाच ‘ओवो’ कायम ठेवतो. वस्तू पुल्लिंगी असो, स्त्रीलिंगी असो की अनेक असोत, ओळख करून देताना ‘ओवो’ हलत नाही. माणसांचंही तसंच. ‘ही माझी बहीण’ म्हणजे ‘ओवो ये मोया सेस्त्रा’.

दुसरा ‘हे’ नामाला चिकटून येतो. ‘ही खुर्ची’ एवढंच म्हणायचं असेल, म्हणजे कुठली खुर्ची ते दाखवायचं असेल, तर लिंग बघावंच लागतं: पुल्लिंगी ओवाय (उच्चार ‘काय’सारखा), स्त्रीलिंगी ओवा, नपुंसकलिंगी ओवो. हा भाग आपल्याला जड जाऊ नये. हा, ही, हे अशी तीन लिंगं आपण लहानपणापासून वापरतोच.

मग ‘ओवा ये स्तोलित्सा’ म्हटलं तर काय बिघडतं? ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘ये’ (आहे) हा आघात नसलेला छोटा शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतो आणि त्यासाठी कधी कधी ‘ओवा’ आणि ‘स्तोलित्सा’ यांच्या मधेही शिरतो. ‘ओवा ये स्तोलित्सा नोवा’ म्हणजे ‘ही खुर्ची नवी आहे’. रोजच्या बोलण्यात ‘ओवा स्तोलित्सा ये नोवा’ जास्त ऐकू येतं, पण पहिली रचनाही बरोबरच आहे. म्हणून तुम्ही ‘ओवा ये स्तोलित्सा’ म्हणून थांबलात की त्याला ‘ही खुर्ची आहे...’ एवढंच पोचतं. कशी आहे, ते राहून गेलं असं वाटतं.

‘ओवो’ हलत नसला तरी नामाचं विशेषण मात्र नामाप्रमाणे बदलतं: ‘ओवो ये मोय प्रोझोर’, ‘ओवो ये मोया तोर्बा’ (माझी पिशवी), ‘ओवो ये मोये ओग्लेदालो’.

लिंग ओळखायला शब्दाचा शेवट बघायचा. व्यंजन असेल तर बहुधा पुल्लिंगी, ‘आ’ असेल तर स्त्रीलिंगी, ‘ओ’ किंवा ‘ए’ असेल तर नपुंसकलिंगी. पण रोज हाताशी असणाऱ्या दोन शब्दांवर हा नियम अडखळतो. ‘स्तो’ म्हणजे टेबल आणि ‘सो’ म्हणजे मीठ. दोन्हींच्या शेवटी ‘ओ’ आहे, तरी ‘ओवाय स्तो’ पुल्लिंगी आणि ‘ओवा सो’ स्त्रीलिंगी. मुळात या दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ल’ होता. सर्बियनमध्ये शेवटच्या ‘ल’चा ‘ओ’ झाला आणि तो आधीच्या ‘ओ’त मिसळून गेला. रूप चालवलं की ‘ल’ परत दिसतो: स्तोलोवी (टेबलं), सोली (मिठाचं). क्रोएशियात आजही ‘स्तोल’ आणि ‘सोल’च म्हणतात. लिंग जुन्या रूपावरून आलेलं आहे, म्हणून हे शब्द अपवाद म्हणून घोकण्यापेक्षा लपलेल्या ‘ल’सकट लक्षात ठेवावेत.

अनेकवचनात ओळख करून देताना फक्त ‘ये’चा ‘सू’ होतो: ‘ओवो सू क्ल्यूचेवी’ (या किल्ल्या आहेत). नामाला चिकटणारा ‘हे’ मात्र तीन रूपं घेतो: ओवी क्ल्यूचेवी, ओवे काशिके (हे चमचे), ओवा सेला (ही खेडी). त्यातच काही वस्तू सर्बियनमध्ये कायम अनेकवचनी असतात. दार एकच असलं तरी ‘ओवो सू व्राता’, मोटार एकच असली तरी ‘ओवो सू कोला’. कात्रीसाठी ‘माकाझे’, चष्म्यासाठी ‘नाओचारे’, वर्तमानपत्रासाठी ‘नोविने’. ‘ओवो ये व्राता’ ही सुरुवातीची सगळ्यात नेहमीची चूक. शिवाय ‘ओवा व्राता’ आणि ‘ओवा कोला’ यातला ‘ओवा’ स्त्रीलिंगी एकवचनी वाटतो, पण तो नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे. क्रियापद पाहिलं की शंका फिटते: ‘ओवा कोला सू नोवा’.

अंतरं तीन आहेत. बोलणाऱ्याजवळ ‘ओवो’, ऐकणाऱ्याजवळ ‘तो’, दोघांपासून दूर ‘ओनो’. तुमच्या हातातली वस्तू दाखवून तुम्ही ‘श्ता ये ओवो?’ विचारलंत की समोरचा ‘तो ये...’ असं उत्तर देईल. त्याच्या दृष्टीने वस्तू तुमच्याजवळ आहे. या ‘तो’ला मराठी ‘तो’ समजू नका. तिथे तो नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगी ‘ताय’, स्त्रीलिंगी ‘ता’.

दुकानात वस्तूचं नाव येत नसेल तर बोट दाखवून ‘ओवो, मोलिम’ (हे द्या) किंवा ‘कोलिको कोश्ता ओवो?’ (हे केवढ्याला?) म्हणायचं. लिंगाचा प्रश्नच येत नाही. नाव माहीत असेल तर ‘कोलिको कोश्ता ओवा तोर्बा?’ आणि मागून घेताना, कर्म म्हणून, ‘ओवू तोर्बू, मोलिम’. ‘ओवाय’ आणि ‘ओवो’ निर्जीव वस्तूंच्या बाबतीत इथे तसेच राहतात.

आणखी एक. बोलताना सर्बियन माणूस मधेच ‘ओवाय...’ म्हणून थांबतो, जसं आपण ‘हे... आपलं’ म्हणतो. तिथे पुढे पुल्लिंगी नाम येणार म्हणून कान टवकारू नका. तो फक्त शब्द शोधत असतो.