ओवी

ओवी हा मराठीतला बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत सैल छंद. शब्दाचे मूळ ‘ओवणे’ या क्रियापदात मानतात: मणी दोऱ्यात ओवावेत तसे शब्द सुरात ओवायचे.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे नंतरची. तेव्हा ‘ग्रंथ-ओवी’ आधी आणि ‘बायकांची ओवी’ मागून, हा पुस्तकी क्रम उलटा आहे. ओवी उखळाशी, जात्याशी वाढली आणि तिथून ग्रंथात गेली.

ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी पाहावी: ‘ॐ नमोजी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ पहिल्या तीन चरणांना यमक. चौथा आखूड आणि मोकळा. म्हणून हिला साडेतीन चरणांची ओवी म्हणतात. अक्षरे मोजून बांधलेली नसतात, त्यामुळे अवघड तत्त्वज्ञानही बोलण्याच्या ओघात सांगता येते. आपण ‘अक्षरें गुंथिलीं’ असे ज्ञानेश्वर शेवटी सांगतात, तेव्हा ओवण्याचीच कल्पना जवळ असते. अभंगाची घडणही ओवीतूनच झाली, असे अभ्यासक मानतात. पारायण करणाऱ्यांच्या तोंडी मात्र ओवी म्हणजे ग्रंथातले मोजायचे एक कडवे.

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एक मूठभर दाणे वैरते, ओवी उचलते, दुसरी ती पुढे नेते. फेऱ्याची लय हाच छंद, म्हणून ओळ आखूड पडली तर ‘गं बाई’ घालून सावरते. सीतेचा वनवास, माहेरची वाट, भाऊ, आळंदीची वारी, बाबासाहेब आंबेडकर, सगळे त्यात येते. शेजघरात जे बोलता येत नसे, ते पहाटेच्या अंधारात जात्याला सांगता येई.

पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठी स्त्रियांच्या कवितेचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. नुसते बसून ‘ओवी सांगा’ म्हटले तर म्हाताऱ्या बायांना आठवत नाही. खुंट्याला हात लागला की एकीमागून एक येऊ लागतात.